पाय सुटला नाही तर? : क्लिपलेस पेडल आणि रत्नागिरीचे रस्ते

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कापली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुमच्यापैकीच काही जणांनी दिलाय. गेल्या काही आठवड्यांत क्लिपलेस पेडलबद्दल इतके निरोप आले की म्हटलं, एकदा सविस्तर बोलूनच टाकू. त्यातला एक निरोप मला महत्त्वाचा वाटला. एक शिक्षिका आहेत, घर मांडवीकडे, शाळा कुवारबावच्या पुढे. रोज सायकलने जातात. त्यांचं म्हणणं असं, की पावसात चढावर पाय पेडलवरून सटकतो आणि पेडल नडगीवर आपटतं. क्लिपलेस घ्यावं असं मनात आहे, पण मारुती मंदिरच्या सर्कलला मागे एसटी उभी असताना पाय सुटलाच नाही तर काय?

तर आज या "सुटला नाही तर" बद्दलच बोलायचंय. पाय अडकवणं कुणीही पाच मिनिटांत शिकतो. सोडवणं शिकायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायची तयारी नसेल तर ही पेडल घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. क्लिप करतो, खटकन अडकवतो, आणि नाव मात्र क्लिपलेस! त्याचं कारण जुनं आहे. पूर्वी शर्यतीवाले पेडलवर एक धातूचा पिंजरा बसवायचे, त्याला टो-क्लिप म्हणत. त्यात चवडा घालायचा आणि वरून चामड्याचा पट्टा आवळायचा. पाय काढायचा तर आधी हाताने पट्टा सैल करा. हा पिंजरा ज्या पेडलला नाही ते क्लिपलेस, इतकंच. १९७१ साली इटलीच्या चिनेल्लीने पिंजऱ्याशिवायचं एक पेडल काढलं, पण त्यातून बूट सोडवायला खाली वाकून हाताने खटका ओढावा लागे. सायकलवाल्यांनी त्याला काय काय नावं ठेवली असतील, तुम्हीच कल्पना करा. मग स्कीइंगच्या बुटांची बांधणी बनवणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने तीच युक्ती सायकलला लावली. टाच बाहेर फिरवली की बूट सुटला. १९८५ साली बर्नार्ड हिनो ही पेडल वापरून तूर द फ्रान्स जिंकला आणि पट्ट्यांचे दिवस संपले. १९९० च्या सुमाराला शिमानोने एसपीडी आणलं. क्लीट लहान, दोन स्क्रूची, बुटाच्या तळव्यात आत बसणारी. म्हणजे खाली उतरल्यावर माणसासारखं चालता येतं. आपल्या कामाचं हेच. तीन स्क्रूवाली मोठी प्लास्टिकची क्लीट असते ती शर्यतीच्या बुटांची. ती घालून शाळेच्या व्हरांड्यात चालायला लागलात तर मुलं वर्षभर नक्कल करतील.

आपल्याकडे हे वेड शर्यती आणि ब्रेव्हेंमधून आलं. २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी दोघांच्या गटात रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. २०१७ साली श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. त्या सुमारास गावोगावी सायकलचे ग्रुप झाले, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत करणारी मंडळी दिसायला लागली आणि त्यांच्या पायांतले बूट बघून बाकीच्यांनाही वाटायला लागलं, आपणही घ्यावेत. पण दोनशे किलोमीटर मोकळ्या हायवेवर जाणं वेगळं, आणि गोखले नाक्यावरून राम आळीत शिरणं वेगळं. पहिल्यात तुम्ही तासाभरात दोनदा पाय सोडवाल. दुसऱ्यात दहा मिनिटांत दहादा.

आता एक गैरसमज. दुकानात तुम्हाला सांगतील, साहेब, पाय वरसुद्धा खेचता येतो, ताकद इतके टक्के वाढते. टक्के कुठून आले ते विचारू नका. २००७ साली थॉमस कॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलस्वारांना वेगवेगळ्या पद्धतीने पायडल मारायला लावून मोजमाप केलं. मुद्दाम वर खेचत चालवलं तेव्हा जोर पेडलवर जास्त चांगल्या दिशेने लागत होता खरा, पण शरीराची ऊर्जा उलट जास्त खर्च होत होती. म्हणजे मांडवीहून माळनाक्यापर्यंत चढताना क्लिपलेसमुळे तुम्ही पाच मिनिटं आधी पोचाल, असं काही नाही.

मग उपयोग काय? उपयोग असा, की पाय जिथे ठेवलाय तिथेच राहतो. एवढाच. पण रत्नागिरीत ही छोटी गोष्ट नाही. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. साध्या प्लास्टिकच्या पेडलवर ओली रबरी चप्पल म्हणजे शेवाळ्यावर पाय ठेवण्यासारखं. त्यात आपलं गाव समुद्रापासून सुरू होतं आणि सड्यावर जातं. जयस्तंभाकडे येणारा कुठलाही रस्ता घ्या, चढ आहेच. चढावर उभं राहून जोर लावला आणि त्याच क्षणी पाय सटकला, तर नडगी फुटते किंवा माणूस हँडलवर आपटतो. खड्ड्यातून सायकल उसळली तरी पाय जागेवर राहतो, हा दुसरा फायदा. आणि खड्ड्यांबद्दल मी वेगळं काही बोलत नाही, तुम्ही इथलेच आहात.

प्रामाणिकपणे सांगायचं तर याला एक पर्याय आहे. वर बारीक पिना असलेलं रुंद सपाट पेडल. चांगल्या रबरी तळव्याचा बूट त्यावर घट्ट बसतो, पावसातही. खर्च कमी, शिकायला काही नाही. नडगीला लागलं तर मात्र पिनांची पूर्ण रांग उमटते. ज्यांचं रोजचं अंतर दोन-तीन किलोमीटर आहे, बाजार, बँक, मुलाची शिकवणी, त्यांनी पिनांचं पेडल घ्यावं आणि हा भाग इथेच बंद केला तरी चालेल. मागच्या सीटवर मूल बसवून नेत असाल तर क्लिपलेस अजिबात नको. तुम्ही एकटे पडलात तर कोपर खरचटेल, तिथे मूल आहे. ज्यांना तोल जाण्याचा त्रास आहे किंवा खुब्याचं ऑपरेशन झालंय त्यांनाही मी हेच सांगेन.

पण मांडवी ते कुवारबाव रोज जाणाऱ्या बाईंना मी म्हणेन, घ्या. फक्त घाईने नको.

काय घ्यायचं? पेडल एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने एसपीडी असं मिळतं. रोजच्या वापराला तेच बरं. ज्या दिवशी चप्पल घालून निघायचंय त्या दिवशीही सायकल चालते. त्याचा तोटा म्हणजे कुठली बाजू वर आहे हे पायाने चाचपडावं लागतं, आणि लोक चौकातच मान खाली घालून शोधायला लागतात. तसं करायचं नाही. चौक सपाट बाजूवर पाय ठेवून ओलांडायचा आणि रस्ता मोकळा झाला की मग अडकवायचं. तुमच्यावर कुणी घड्याळ लावलेलं नाहीये.

क्लीटमध्ये दोन प्रकार लक्षात ठेवा. काळी येते ती एसएच ५१. ती फक्त टाच बाजूला फिरवली तरच सुटते. चंदेरी येते ती एसएच ५६. ती बाजूला तर सुटतेच, शिवाय घाबरून पाय जोरात तिरका वर ओढला तरी सुटते. पट्टीचे सायकलवाले चंदेरीला नाकं मुरडतात, म्हणतात जोराच्या चढावर नको तेव्हा सुटते. सुटते कधीकधी, खरं आहे. पण गावात पहिलं वर्ष तरी चंदेरीच वापरा. माणूस घाबरला की पाय फिरवत नाही, ओढतो. लहानपणापासून साध्या पेडलवरून पाय उचलायचीच सवय आहे आपल्याला. चंदेरी क्लीट त्या सवयीला थोडं सांभाळून घेते.

मग पेडलच्या मागच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तीन मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीचा. त्याने पकड सैल किंवा घट्ट होते. शेजारी अधिक-उण्याची खूण असते. अगदी सैल करून टाका. दोन्हीकडून अडकणारं पेडल असेल तर असे चार स्क्रू असतात, चारही सारखे करा. नाहीतर एक बाजू पटकन सुटते, दुसरी अडकते, आणि कुठली कधी वर येईल याचा नेम नाही.

क्लीट बुटाला लावताना ती चवड्याच्या खाली येईल अशी लावा, हवं तर किंचित मागे. पुढे नको. आणि तुमचं पाऊल जसं नैसर्गिक पडतं त्या कोनात. काही जण बदकासारखे पाय बाहेर टाकून चालतात, त्यांनी क्लीट सरळ रेषेत लावली की चार दिवसांत गुडघा बोलायला लागतो. गुडघ्याच्या आतून किंवा बाहेरून दुखलं तर सहन करत बसू नका, क्लीटचा कोन केसभर बदलून बघा. आधीच्या जागेवर पेनाने खूण करून ठेवा म्हणजे परत येता येतं.

आता शिकण्याकडे येऊ. पहिले दोन दिवस सायकल घरातच. खिडकीचा गज किंवा दाराची चौकट एका हाताने धरायची, सीटवर बसायचं, डावा पाय अडकवायचा, सोडवायचा. पन्नास वेळा. मग उजवा पन्नास वेळा. घरचे हसतात, हसू द्या. सोडवताना पाय उचलायचा नाही, टाच सायकलपासून लांब फेकायची, पेटलेली सिगरेट बुटाखाली विझवतात तशी. तोंडाने "टाच" असं म्हणत केलं तर आणखी चांगलं.

मग मोकळी जागा. चंपक मैदानासारखी, सकाळी गाड्या नसताना. वाळूत मात्र नको. भाट्याच्या किनाऱ्यावर सराव केला तर पडलं तरी लागत नाही हे खरं, पण वाळू क्लीटच्या खोबणीत आणि पेडलच्या स्प्रिंगमध्ये जाते, वर खारं पाणी. सायकलच्या दृष्टीने तो खूप महाग सराव आहे.

मैदानात नुसतं चालवून थांबणं पुरत नाही. तुम्हाला माहीत असतं कधी थांबायचंय, त्यामुळे पाय आपोआप सुटतो. रस्त्यावर गाय मध्ये येते तेव्हा ती आधी कळवत नाही. म्हणून घरातलं कुणीतरी बरोबर न्या आणि त्याला सांगा, मनात येईल तेव्हा "थांब!" म्हणून ओरड. आमच्याकडे हे काम भाच्याने इतक्या आनंदाने केलं की सराव संपल्यावर घरी जेवतानाही ओरडत होता. पण त्याचा फरक पडतो. अचानक ब्रेक आणि टाच, हे दोन एकत्र हातापायांत बसेपर्यंत गर्दीत जाऊ नका. कुणाला आठवडा लागतो, कुणाला महिना. वयाचा यात फारसा संबंध नाही, किती वेळा केलंत याचा आहे.

पडण्याबद्दल थोडं. या पेडलवर पडणारे लोक वेगात क्वचित पडतात. वेगात अपघात झाला तर धक्क्यात पाय बहुधा वळतो आणि सुटतो. लोक पडतात ते शून्य वेगाला. सिग्नलला, चहाच्या टपरीपुढे, सोसायटीच्या गेटात. एक पाय सोडवून तयार असतात आणि तोल दुसऱ्या बाजूला जातो. झाड कापल्यासारखा माणूस हळूहळू आडवा. कोपर आणि मनगट यांनाच लागतं, कारण हात पुढे जातो. याला एक साधा उपाय आहे. डावा पाय सोडवला असेल तर अगदी थांबता थांबता हँडल किंचित उजवीकडे वळवा. सायकल आपसूक डावीकडे कलते, जिथे तुमचा पाय आहे तिथे. करून बघा, जादू वाटते पण साधं तोलाचं गणित आहे.

डावाच पाय का? आपण डाव्या बाजूने चालवतो, उजवीकडून गाड्या जातात. पडायचंच तर गाड्यांच्या बाजूला नको. पण कोकणात याला एक पोटकलम आहे. आपल्याकडे डांबराची कड जिथे संपते तिथे बऱ्याचदा वीतभर खाली उतार असतो, आणि पावसाळ्यात त्या खाली गटार आहे की नुसतं गवत ते दिसत नाही. डावा पाय टाकायला गेलात आणि जमीन वीतभर खाली लागली, तर पाय सुटलेला असूनही पडाल. म्हणून थांबताना कडेपासून हातभर आत, डांबरावरच थांबा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

आणि आता माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट. रोजचा रस्ता ठरलेला असतो ना आपला? मग पाय सोडवायच्या जागाही ठरवून टाका. गाडी आडवी आली की सोडवू, असं नाही. जागा ठरलेली, गाडी असो वा नसो. मी येतो त्या रस्त्यावर माळनाक्यानंतर मारुती मंदिरचं सर्कल नजरेला पडलं की डावा पाय बाहेर. सर्कल रिकामं असलं तरी बाहेर. ते पार झालं की आत. साळवी स्टॉपला पुन्हा तेच. कुवारबावला बाजाराच्या आधी बाहेर ते स्टेशनच्या फाट्यापर्यंत बाहेरच. राम आळीत किंवा मिरकरवाड्याकडे मासळीच्या वेळेला तर मी अडकवतच नाही, सपाट बाजूवर जातो. महिनाभरात असं होतं की जागा आली की पाय स्वतःच सुटतो, डोक्याला विचारत नाही. एसटी मागे उभी असण्याची भीती त्यानेच जाते. एसटी मागे येते तोवर तुमचा पाय कधीच जमिनीवर असतो.

भाट्याचा पूल याला अपवाद. जुलैत काजळीच्या मुखावर समुद्राकडून वारा असा येतो की सायकल बाजूला सरकते. तिथे लोक घाबरून एक पाय सोडवून लोंबकळत ठेवतात. त्याने सायकल जास्त डगमगते. दोन्ही पाय आत ठेवा, वेग कमी करा, दोन्ही हात हँडलवर. आणि वारा फारच असेल तर पुलाच्या अलीकडे उतरून चालत जा. चालण्यात काही कमीपणा नाही.

पावसाळ्यातली देखभाल हा खरं तर स्वतंत्र विषय, पण एक गोष्ट आज सांगायलाच हवी, कारण तिच्यात धोका आहे. क्लीट दोन स्क्रूंवर असते. त्यातला एक सैल झाला किंवा पडला, तर टाच फिरवल्यावर बूट फिरतो पण क्लीट पेडलमध्येच बसून राहते. म्हणजे तुम्ही सगळं बरोबर करताय आणि पाय सुटत नाही. हा एकच प्रसंग असा आहे जिथे सराव कामाला येत नाही. तसं झालं तर ओढाताण करू नका. चालत्या सायकलवरच बुटाचा पट्टा सोडा आणि पाय बुटातून बाहेर काढा, बूट राहू दे पेडलला लटकत. म्हणून गावात वापरायला नाडीपेक्षा पट्ट्याचे बूट चांगले. आणि मुळात हे होऊ नये म्हणून दर रविवारी चार मिलिमीटरची अ‍ॅलन की घेऊन चारही स्क्रू आवळून बघा. नवीन क्लीट असेल तर पहिल्या आठवड्यात रोज. स्क्रूच्या आट्यांना आधी ग्रीस लावा. आपल्या खाऱ्या हवेत कोरडा स्क्रू एका पावसात असा गंजतो की पुढच्या वर्षी क्लीट बदलायला ड्रिल लागतं. पेडलच्या आट्यांनाही ग्रीस, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे सायकलवाल्याला माहीत असतं, घरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

हायवेच्या कामाची लाल माती क्लीटमध्ये भरली की पेडल पकडतच नाही, किंवा पकडलं तर सोडायला कुरकुर करतं. एक जुना टूथब्रश पिशवीत ठेवा. पाण्यातून गेल्यावर स्प्रिंगवर चेनच्या तेलाचे दोन थेंब.

आणि ओली फरशी! रस्त्यावर सांभाळून आलेला माणूस शाळेच्या किंवा ऑफिसच्या जिन्यात घसरतो, कारण बुटाखाली लोखंड आहे. पोचल्यावर चप्पल बदला. बूट तसेही ओले असतात, आणि जुलैमध्ये इथे बूट वाळत नाहीत, बुरशी मात्र येते. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले तर सकाळपर्यंत निदान घालण्यासारखे होतात. याहून चांगला उपाय म्हणजे सँडल. शिमानोचे क्लीट लावता येणारे सँडल मिळतात, इथल्या दुकानात नाही दिसणार, मागवावे लागतील. दिसायला जरा विचित्र, पण कोकणातल्या पावसासाठी त्याहून योग्य पादत्राण मी बघितलेलं नाही. पाणी आत येतं आणि बाहेर जातं.

खर्चाचं म्हणाल तर पेडल आणि बूट मिळून एका साध्या सायकलच्या किमतीच्या आसपास जातं. म्हणून आधी कुणाचे तरी मापाचे बूट उसने घेऊन दोन रविवार चालवून बघा. सायकलवाली मंडळी देतात, उलट देऊन वर अर्धा तास सल्लाही देतात.

तर बाईंना उत्तर. घ्या, एका बाजूने सपाट असलेलं पेडल आणि चंदेरी क्लीट. पण आत्ता भर पावसात सुरुवात नको. हा पावसाळा पिनांच्या सपाट पेडलवर काढा. ऑक्टोबरमध्ये रस्ते कोरडे झाले की मैदानात या, दिवाळीच्या सुट्टीत सराव करा, आणि सुट्टीनंतर आधी फक्त सकाळी जाताना वापरा, गर्दी कमी असते. जूनपर्यंत हातात सात-आठ महिने आहेत. शाळेत एक चप्पल ठेवून द्या.

पुढच्या भागात मडगार्ड आणि पावसाळी दिवे. प्रश्न पाठवत राहा. भेटू.